चष्मा उतरवणारी शस्त्रक्रिया: दहा वर्षांनंतर काय दिसले?

मानवी डोळ्याचा पाठ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, लेसरने नंबर कायमचा जातो का?" या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर उत्तर देणे सोपे होते.

डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो नेत्रभिंगात नव्हे, तर पारपटलावर. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४० हून अधिक पारपटलाचीच असते. निकटदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. पारपटल थोडे सपाट केले की ती मागे सरकते. अबिंदुकतेत पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. तेथे ती सारखी करावी लागते.

जपानमध्ये सातो यांनी १९४० च्या सुमारास पारपटलाला आतून व बाहेरून चिरा देऊन ते सपाट केले. नंबर उतरला. पण आतल्या बाजूला पेशींचा जो एकपदरी थर असतो, तोच पाणी उपसून पारपटल पारदर्शक ठेवतो, हे तेव्हा माहीत नव्हते. माणसात या पेशी नष्ट झाल्या की त्यांची जागा नव्या पेशी घेत नाहीत. कित्येक वर्षांनी अनेक रुग्णांची पारपटले गढूळ झाली.

१९७० च्या दशकात सोव्हिएत संघात फ्योदोरोव्ह यांनी चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा फक्त बाहेरून दिल्या. ही पद्धत अमेरिकेत पसरली, तेव्हा तेथील संशोधकांनी रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले: ८५ टक्के डोळ्यांना चष्म्याविना ६/१२ किंवा त्याहून चांगले दिसत होते. मात्र ४३ टक्के डोळ्यांचा नंबर शस्त्रक्रियेनंतर हळूहळू १ डायॉप्टर किंवा अधिक दूरदृष्टितेकडे सरकला होता. पहिल्या वर्षाच्या तपासणीत हे कळणे शक्यच नव्हते.

दरम्यान १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी ब्लम व विन यांना आढळले, की १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेसर आसपासचा भाग न भाजता ऊतीचा अतिसूक्ष्म थर काढतो. त्यांनी हे सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर करून पाहिले होते. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासह त्याचा पारपटलासाठी उपयोग सुचवला. चिरा देण्याऐवजी आता पृष्ठभागच घडवता येऊ लागला; अबिंदुकतेत एका दिशेला अधिक, दुसऱ्या दिशेला कमी. पुढे पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर वापरण्याची 'लॅसिक' पद्धत रूढ झाली.

तिचे परिणाम मोजताना आणखी एक बदल झाला: तक्ता वाचता येतो का, एवढ्यावर न थांबता रुग्णांनाच प्रश्न विचारले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. तरीही ज्यांना आधी कोणतीच तक्रार नव्हती, त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये दिसण्यासारखे एखादे नवे लक्षण जाणवत होते. सुमारे २८ टक्के जणांना डोळ्यांच्या कोरडेपणाची नवी तक्रार होती. समाधान आणि तक्रार एकाच माणसात नांदू शकतात!

म्हणून विद्यार्थ्यांना सांगावे: बहुतेकांचा नंबर जातो किंवा अगदी थोडा उरतो. पण त्यासाठी आधी नंबर स्थिर हवा, पारपटल पुरेसे जाड हवे. आणि चाळिशीनंतर वाचण्याचा चष्मा लागायचा तो लागतोच. कोणी यशाची टक्केवारी सांगितली, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. हे यश किती वर्षांनंतर मोजले? आणि नेमके काय मोजले?