पूक्को : मूठ, म्यान आणि बदनामी

आजचा विषय आहे एक छोटी सुरी. फिनलंडमध्ये तिला ‘पूक्को’ म्हणतात. फिनिश भाषेत ‘पू’ म्हणजे लाकूड. लाकडी मुठीवरून सुरीला हे नाव पडलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे बघा, नावात पोलाद नाही, लाकूड आहे.

पण इतिहासाच्या पुस्तकांत ही सुरी भेटते ती रक्तपाताच्या प्रकरणात. १८व्या शतकाच्या अखेरीपासून १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दक्षिण ओस्ट्रोबोथ्निया या पश्चिमेकडच्या प्रांतात सुरामारीचं सत्र चाललं होतं. लग्नसमारंभात घुसायचं, दारू प्यायची आणि भोसकाभोसकी करायची. या गुंडांचं नावच मुळी ‘पूक्कोयुंकरी’. त्यांतले अंत्ती इसोतालो आणि अंत्ती रन्नान्यार्वी हे दोघे तर लोकगीतांत जाऊन बसले. मग प्रश्न असा, की पूक्को हे मुळात हत्यार होतं की अवजार?

याचं उत्तर आपण आधी त्या वस्तूलाच विचारू. मूठ घ्या. पात्याच्या मागे एक निमुळती शेपटी असते, ती मुठीच्या आरपार जाते आणि टोकाला पितळी चकतीवर ठोकून बसवतात. मूठ बर्च झाडाच्या लाकडाची किंवा सालीची. सालीची मूठ करण्याची रीत मोठी गमतीची आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढलेला असतो, तेव्हा साल सहज सुटते. तिचे छोटे चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येकाला मधे भोक पाडायचं, एकावर एक असे शेपटीत ओवायचे आणि घट्ट दाबायचे. मग तासून, घासून आकार द्यायचा. ही साल पाण्याने कुजत नाही, ओल्या हातातून निसटत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही हाताला गार लागत नाही.

आता या मुठीत काय नाही ते बघा. मूठ आणि पातं यांच्यामधे आडवी पट्टी नाही. भोसकण्यासाठी केलेल्या खंजिराला ती लागते, नाहीतर जोर लावताना हात घसरून पात्यावर जातो. पूक्कोची बोटं मात्र पात्याच्या अगदी जवळ जायला हवीत, कारण तिनं लाकूड तासायचं असतं, मासा साफ करायचा असतो.

म्यान म्हटलं की आपल्याला तलवार आठवते. पूक्कोचं म्यान, फिनिशमध्ये ‘तुप्पी’, वेगळं आहे. चामडं भिजवून सुरीभोवती ताणतात, मागच्या बाजूला एकच शिवण घालतात आणि तसंच वाळू देतात. चामड्याला धार लागू नये म्हणून आत पात्यापुरतं लाकडी अस्तर असतं. मूठसुद्धा बरीचशी आत जाते, आणि चामड्याच्या पकडीवरच सुरी टिकते. ना बटण, ना पट्टा. कमरेला लोंबतं म्यान घेऊन माणूस दिवसभर वाकू शकतो, बसू शकतो. ही सगळी रचना कामकरी माणसाची आहे.

मग रक्तपात आला कुठून? हेइक्की युलिकांगास या इतिहासकाराने १९७६च्या ग्रंथात त्याची मुळं समाजात शोधली. लोकसंख्या वेगाने वाढत होती, जमीन मात्र तेवढीच. अनेक तरुणांच्या पुढच्या वाटा बंद होत गेल्या. प्रत्येकाच्या कमरेला सुरी होतीच, भांडणात हात तिच्यावरच पडला. सुरी हे कारण नव्हतं, पण निष्पाप म्हणून तिला सोडूनही देता येत नाही. ती नसती, तर कित्येक भांडणं गुद्द्यांवर मिटली असती.

इथे आपल्या साधनांची एक मर्यादा लक्षात घ्या. न्यायालयाच्या दप्तरात सुरीची नोंद होते ती रक्त सांडल्यावर. तिनं हजार दिवस चमचे कोरले, जाळ्याच्या दोऱ्या कापल्या, त्याची नोंद कोण करणार? ती नोंद झिजलेल्या मुठीवर असते. नुसतं दप्तर वाचलं, तर अख्खा प्रांत खुनशी वाटेल.

याच प्रांतातल्या काउहावा गावात, म्हणजे दंगेखोरांच्याच मुलखात, इसाक्की यार्वेनपा याने १८७९मध्ये सुऱ्यांचा कारखाना काढला. घोड्याच्या डोक्याची मूठ, लाल-काळं म्यान, त्यावर धातूची नक्षी. ज्या वस्तूने गावाचं नाव खराब केलं, तीच पुढे गावाची ओळख झाली, भेट म्हणून द्यायची वस्तू झाली.

आज फिनलंडमध्ये, २००३च्या कायद्यानुसार, कामाचं किंवा दुसरं मान्य होण्याजोगं कारण असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगता येत नाही. कायदाही शेवटी तोच प्रश्न विचारतो : कशासाठी? वस्तूंचा इतिहास लिहिताना आपणही आधी हाच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी दप्तराबरोबर मूठही तपासावी, एवढंच सांगून मी थांबतो.