नेपल्सचे मेज

विज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे राहतात. तो शोध ज्या मेजावर लागला त्या मेजाचे भाडे कोणी भरले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दक्षिण इटलीतील नेपल्स शहरी, समुद्राला लागून असलेल्या सार्वजनिक उद्यानात, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या एका इमारतीचा इतिहास मात्र या प्रश्नावाचून सांगताच येत नाही. 'स्तात्सिओने झूओलॉजिका' हे तिचे नाव. अर्थ, प्राणिशास्त्रीय केंद्र. युरोपातील राष्ट्रांनी समुद्राच्या अभ्यासासाठी एकत्र येऊन खर्च वाटून घेण्याची रीत प्रथम जिथे रुजली, त्या ठिकाणांमध्ये या केंद्राची गणना करावी लागते.

हे केंद्र ज्याने उभारले तो आंटोन डोर्न इटालियन नव्हता. १८४० साली तो बाल्टिक समुद्राजवळील श्टेटीन या गावी जन्मला. हे गाव त्या काळी प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. घर सधन होते आणि वडिलांना कीटकांच्या अभ्यासाचा नाद होता. येना येथे अर्न्स्ट हेकेल यांच्या सहवासात डार्विनचे विचार त्याच्या हाती आले आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. सजीवांची परस्परांशी असलेली नाती ओळखायची तर त्यांच्या वाढीच्या अगदी आरंभीच्या अवस्था तपासल्या पाहिजेत, आणि त्यासाठी समुद्राकडे गेले पाहिजे, असे त्या पिढीचे मत होते. समुद्रातील कितीतरी प्राण्यांची अंडी आणि पिले काचेसारखी पारदर्शक असतात. आत काय घडते ते सूक्ष्मदर्शकातून दिसते.

परंतु समुद्राकडे जाणे सोपे नव्हते. १८६८ च्या हिवाळ्यात डोर्न सिसिलीतील मेसिना येथे काम करू लागला, तेव्हा याचा त्याला पुरता अनुभव आला. राहायला खोली शोधायची, कोळ्यांशी बोलणी करायची, हवे ते प्राणी मिळेपर्यंत वाट पाहायची, आणि मिळालेले प्राणी मरण्यापूर्वी घाईघाईने तपासायचे. हाताशी ग्रंथ नाहीत, रसायने नाहीत. स्कॉटलंडहून आणलेली काचेची लहानशी फिरती टाकी तेवढी त्याच्याजवळ होती. परतताना ती टाकी आणि उपकरणे मागे ठेवली तर पुढे येणाऱ्याचा त्रास वाचेल, असे त्याच्या मनात आले. त्यातूनच पुढची कल्पना सुचली. रेल्वेमार्गावर जशी स्थानके असतात तशी समुद्रकिनाऱ्यांवर विज्ञानाची स्थानके का असू नयेत? संशोधकाने यावे, तयार सोयींचा लाभ घेऊन काम करावे आणि पुढे जावे.

कल्पना चांगली होती. प्रश्न पैशाचा होता. १८७० च्या आरंभी डोर्नने बर्लिनमधील नवे मत्स्यालय पाहिले. तिकीट काढून मासे पाहायला लोटलेली गर्दी पाहून त्याला एक युक्ती सुचली. तळमजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय बांधावे आणि तिकिटांच्या उत्पन्नातून वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळा चालवावी. नेपल्स हे मोठे शहर, तेथे प्रवाशांची सतत ये-जा, आणि तेथील आखातात जीवांची अपार विविधता. म्हणून त्याने नेपल्सची निवड केली. इमारत त्याने स्वखर्चाने बांधावी या अटीवर नगरपालिकेने समुद्रकाठची जागा विनामूल्य दिली. १८७२ च्या मार्चमध्ये बांधकाम सुरू झाले. डोर्नने वडिलांकडून पैसे घेतले, मित्रांकडून कर्ज घेतले. इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञांनी वर्गणी जमवली. तीत खुद्द डार्विनचा वाटा होता. जर्मन सरकारनेही पुढे अनुदान दिले. १८७३ च्या शरद ऋतूत पहिले संशोधक कामाला लागले आणि १८७४ च्या जानेवारीत मत्स्यालय लोकांसाठी खुले झाले.

तथापि, मासे पाहणाऱ्यांच्या तिकिटांवर एवढ्या मोठ्या संस्थेचा संसार चालणारा नव्हता. तेव्हा डोर्नने जी व्यवस्था योजिली, तिच्यामुळेच त्याचे नाव विज्ञानाच्या इतिहासात टिकले. त्याने प्रयोगशाळेतील मेजे भाड्याने देण्यास आरंभ केला. एखाद्या सरकारने, विद्यापीठाने किंवा विद्वत्सभेने वर्षाचे ठराविक भाडे भरायचे आणि त्या मेजावर काम करण्यासाठी आपल्या पसंतीचा संशोधक पाठवायचा. त्या भाड्यात त्याला मेज, उपकरणे, रसायने, ग्रंथालय आणि मदतनीस मिळत. मुख्य म्हणजे, हवे असलेले प्राणी त्याच्या मेजावर जिवंत येऊन पोहोचत. केंद्राची माणसे बोटी घेऊन आखातात जात आणि प्रत्येकाच्या मागणीप्रमाणे माल आणीत.

या व्यवस्थेत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे अट. संशोधकाने कशाचा अभ्यास करावा हे डोर्न सांगत नसे. तो स्वतः एका मताचा कट्टर पुरस्कर्ता होता, तरी मेजावर बसणाऱ्याने आपले मत मानलेच पाहिजे असा आग्रह त्याने धरला नाही. त्यामुळे निरनिराळ्या राष्ट्रांतील, निरनिराळ्या विचारांचे संशोधक एकाच सभागृहात शेजारीशेजारी बसू लागले. एकाची पद्धत दुसरा पाहून शिकू लागला. छापलेल्या ग्रंथातून जे वर्षांनी पोहोचले असते, ते येथे एका दुपारी पोहोचू लागले.

या कामाचा भार केवळ विद्वानांनी वाहिला असे नाही. साल्वातोरे लो ब्यांको हा नेपल्सचा मुलगा कोवळ्या वयात केंद्रात नोकरीला लागला. कोणता प्राणी कोणत्या ऋतूत, आखातात किती खोलीवर सापडतो, हे त्याला तोंडपाठ होते. नाजूक जेलीफिश आणि तिच्यासारखे हात लावताच आक्रसणारे जीव मूळ आकारात जसेच्या तसे टिकवून ठेवण्याची कला त्याने अशी साधली की, नेपल्सहून रवाना होणाऱ्या बरण्यांना जगभरच्या संग्रहालयांतून मागणी येऊ लागली. त्या विक्रीतूनही केंद्राला उत्पन्न मिळे. ज्या सभागृहात ग्रंथालय होते, तेथील भिंतींवर हान्स फॉन मारेस या चित्रकाराने १८७३ मध्ये जी भित्तिचित्रे काढली, त्यांत होडी वल्हवणारे कोळीही आहेत. ज्यांच्या जाळ्यांवाचून हे विज्ञान उभेच राहिले नसते, त्यांना तेथे असे मानाचे स्थान मिळाले आहे.

मेजांनी काय दिले? केंब्रिजहून आलेल्या फ्रान्सिस बाल्फर या तरुणाने १८७४ पासून येथे मुशीच्या जातीच्या माशांच्या गर्भाचा अभ्यास केला आणि गर्भविज्ञानाला नवा पाया घातला. थिओडोर बोवेरी यांनी समुद्री अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. गर्भाची नीट वाढ होण्यासाठी गुणसूत्रांचा पूर्ण संच लागतो, हे १९०२ मध्ये त्यांनी दाखवून दिले. ओटो वारबुर्ग यांनी याच प्राण्याच्या अंड्यांवर काम करून, फलन होताच अंड्याचा प्राणवायूचा वापर कसा वाढतो हे १९०८ मध्ये मांडले. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन पुढे ध्रुवप्रदेशाचा प्रवासी आणि निर्वासितांचा कैवारी म्हणून जगाला ठाऊक झाला. पण १८८६ मध्ये तोही एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ म्हणून नेपल्सला येऊन गेला होता. मायदेशी परतल्यावर अशी केंद्रे नॉर्वेत व्हावीत म्हणून त्याने आग्रह धरला.

स्त्रियांना विद्यापीठांची दारे जेमतेम उघडू लागली होती, त्या काळात नेपल्सने आपले मेज त्यांनाही दिले. आयडा हाइड या अमेरिकन विदुषीने १८९६ मध्ये हायडलबर्ग येथे डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर ती नेपल्सला आली. आपल्याला लाभलेली संधी इतरांनाही लाभावी म्हणून मायदेशी जाऊन तिने खटपट केली. तेथील महिला महाविद्यालये आणि विद्याप्रेमी स्त्रिया यांची एक संघटना उभी राहिली. दरवर्षी पाचशे डॉलर भरून ही संघटना एक मेज केवळ स्त्री-संशोधकांसाठी राखून ठेवू लागली. ज्यांना स्वतःच्या देशातील प्रयोगशाळेत प्रवेश मिळणे कठीण होते, त्यांना भाड्याच्या मेजाने हक्काची जागा दिली.

१९०९ मध्ये डोर्न निवर्तला, तोवर बावीसशेंहून अधिक संशोधक या केंद्रात काम करून गेले होते. या उदाहरणाने इतरत्रही उत्साह संचारला. इंग्लंडमध्ये प्लिमथला आणि अमेरिकेत वुड्स होल येथे १८८८ मध्ये प्रयोगशाळा सुरू झाल्या. वुड्स होलचे पहिले संचालक चार्ल्स व्हिटमन हे स्वतः नेपल्सच्या मेजावर बसून आलेले होते.

पण या घराचा पाया एका जागी कच्चा होता. केंद्र सर्वांचे होते, तरी मालकी एका जर्मन कुटुंबाची आणि भूमी इटलीची. शांततेच्या काळात ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नसे. १९१५ च्या मे महिन्यात इटली महायुद्धात उतरली आणि हा प्रश्न एकाएकी उभा राहिला. आंटोनचा पुत्र राइनहार्ड डोर्न तेव्हा संचालक होता. त्याला देश सोडून स्वित्झर्लंडला जावे लागले आणि केंद्राचा कारभार इटालियन सरकारच्या हाती गेला. काल ज्या सभागृहात जर्मन, इंग्रज, रशियन आणि इटालियन एकत्र बसत होते, तेथील संशोधकांचे देश आता एकमेकांवर तोफा डागीत होते. राइनहार्डला आपल्या जागी परत यायला १९२४ साल उजाडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर बॉम्बवर्षाव झाला. केंद्र त्यातूनही वाचले.

आणि वाचले हे बरे झाले. १९५१ च्या मे महिन्यात, युद्धाच्या जखमा अजून ओल्या असताना, या केंद्रात एक लहानशी परिषद भरली. लंडनहून आलेल्या मॉरिस विल्किन्स यांनी तेथे डीएनएचे क्ष-किरणांनी घेतलेले एक चित्र पडद्यावर दाखवले. श्रोत्यांत जेम्स वॉटसन हा तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण बसला होता. त्या चित्राने त्याच्या मनाची पकड घेतली आणि तो केंब्रिजला गेला. दोन वर्षांत डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा उलगडा झाला. १९६२ मध्ये क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

काळाबरोबर खर्च वाढले. एका कुटुंबाच्या कर्तृत्वावर आणि मेजांच्या भाड्यावर असा व्याप पेलणे अशक्य झाले. १९८२ मध्ये केंद्राला इटलीच्या राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. आज ते संस्थापकाचे नाव धारण करते. मात्र मेजाची कल्पना संपली नाही, तिचा यजमान बदलला. १९८९ मध्ये युरोपीय समुदायाने समुद्रविज्ञानासाठी 'मास्ट' नावाचा स्वतंत्र निधी-कार्यक्रम सुरू केला. २००९ मध्ये 'असेम्बल' हा उपक्रम आला. त्यात युरोपातील सागरी केंद्रांनी परदेशी संशोधकांसाठी आपल्या प्रयोगशाळा उघडल्या आणि खर्च युरोपीय संघाच्या निधीतून झाला. २०१८ मध्ये या केंद्रांच्या सहकार्याला कायद्याने स्थापित अशा युरोपीय संस्थेचे रूप मिळाले. तिचे मुख्यालय पॅरिसला असून नेपल्स तिचा एक घटक आहे.

म्हणजे डोर्नच्या काळी जे भाडे प्रशिया किंवा केंब्रिज आपापल्या माणसासाठी भरीत असे, ते आता अनेक देशांच्या सामाईक तिजोरीतून भरले जाऊ लागले. यात सोय आहे, तशी एक जबाबदारीही आहे. सामाईक पैसा आला की उद्दिष्टे, मुदती आणि अहवाल येतात. लोकांच्या पैशाचा हिशेब मागितला जाणे योग्यच आहे. परंतु अर्चिनच्या अंड्याकडे टक लावून बसलेल्या बोवेरीला, याचा उपयोग काय, असे पहिल्याच वर्षी कोणी विचारले असते, तर त्याला काय सांगता आले असते? ज्यांनी त्या मेजांचे भाडे भरले त्यांना फळ काय येईल हे ठाऊक नव्हते. माणूस कामाचा आहे एवढे पारखून त्यांनी पैसे दिले आणि बाकीचे त्याच्यावर सोडले. युद्धाने केंद्राची मालकी हिरावली, तरी हा विश्वास देशोदेशींच्या माणसांत उरला होता. म्हणूनच युद्ध संपल्यावर ती मेजे पुन्हा भरली.