धुराचा हिशेब, भोंग्याचे माप

वाहत्या वायूचे गणित हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. आम्ही तो आपल्या आपण वाचू लागलो आणि पहिल्याच पानांत आम्हांस मजुरीचा दर सापडला.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाचा दगडी धरणातील ताणांवरचा निबंध १९११ साली प्रसिद्ध झाला. समीकरण सरळ सुटेना, म्हणून त्यांनी धरणाच्या छेदावर चौकोनी घरे पाडली आणि घराघराचा साध्या अंकगणिताने हिशेब करविला. तो करणारी मुले नगावर मजुरी घेत. संख्येत जितके अंक, तितके अठरांश पेनी, असा साधारण दर. एका चलाख मुलाने तीन अंकी संख्यांचे आठवड्याला सरासरी २००० हिशेब उरकले, चुकलेले वजा करून. म्हणजे आमच्या बेरजेने सुमारे २८ शिलिंग. खराब कापड विणकराच्या माथी मारण्याची मुंबईच्या गिरण्यांतील जुनी चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या वजाबाकीचे नवल वाटणार नाही.

पुढे याच गृहस्थांनी हवेचे भाकीत आकडेमोडीने करण्याचा घाट घातला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात असतानाही हे काम चालूच होते. २० मे १९१० या दिवशी सहा तासांत वायुभार किती बदलला असावा, याचे उत्तर आले १४५ मिलिबार! प्रत्यक्षात पारा जवळजवळ हललाच नव्हता. १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे अपयश झाकले नाही. उलट एका भव्य सभागृहात बसून जगाच्या हवेचा हिशेब करणारे ६४,००० गणक त्यांनी तेथेच कल्पिले. चूक बेरजेची नव्हती. आरंभीचे वाऱ्याचे व भाराचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. त्या विसंगतीतून वेगवान लाटा गणितात माजल्या आणि हवामान बदलणारा सावकाश वारा त्यांत बुडाला.

वायूच्या गणितात वेगवान लाटांचा हा जाच नेहमीचाच. गिरणीचा भोंगा आणि चिमणी आठवा. भोंगा मैलभरावर पाच सेकंदांत ऐकू येई. सेकंदाला चार मीटर वाऱ्यावर धुराला तेथे पोचायला सहासात मिनिटे लागत. १९२८ साली कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेव्ही या तिघांनी दाखविले की, मागच्या क्षणावरून पुढचा क्षण काढण्याच्या साध्या रीतीत, सर्वांत वेगवान लाट एक घर ओलांडते तेवढ्याहून मोठे काळाचे पाऊल टाकले की उत्तरे बेफाम होतात. हिशेब धुराचा, पण पाऊल भोंग्याच्या मापाचे! वारा जितका मंद, तितका हिशेब महाग.

अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबाँबच्या कामी हातयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्यांत शास्त्रज्ञांच्या पत्नीही होत्या. मग पंचकार्डांची यंत्रे आली, मग संगणक. १९५० साली फॉन नॉयमान व रिक्टमायर यांनी स्फोटाची धारदार लाट काही घरांवर पसरून हिशेबात बसविली. ती वेगवान प्रवाहांची सोय झाली. मंद प्रवाहांसाठी, द्रव आकसतच नाही असे धरून, हार्लो व वेल्श यांनी १९६५ साली निराळी रीत दिली. पण फुटलेल्या नळाच्या तोंडाशी वाफ ध्वनीच्या वेगाने सुटते आणि आत टाकीत ती संथ असते. तिला कोणती रीत लावावी?

हार्लो व अ‍ॅम्सडेन यांनी १९६८ साली मार्ग काढला आणि १९७१ साली सर्व वेगांसाठी तो पुरा मांडला. दाबाचा नवा आकडा केवळ जुन्या आकड्यांवरून काढावयाचा नाही. सर्व घरांचे नवे दाब एकमेकांवर अवलंबून आहेत असे धरून, ते जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा दुरुस्त करीत राहावयाचे. मग एका पावलात ध्वनी कितीही घरे ओलांडो. पाऊल वाऱ्याच्या मापाने टाकता येते. आमच्या धुराला सुमारे ८५ पट कमी पावले पुरतात. मात्र प्रत्येक पाऊल अधिक कष्टाचे. फुकट काहीच मिळत नाही.

१९८५ साली अ‍ॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच प्रयोगशाळेतून ‘कीवा’ हा इंजिनातील ज्वलनाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तेथेही दट्ट्या आपल्या चालीने सरकत असतो, आणि तापलेल्या वायूत ध्वनी त्याच्या कितीतरी पट वेगाने भिंतीभिंतींवर आदळत असतो.