मराठीतील अनिश्चित संख्यावाचक शब्दप्रयोग

नेमका आकडा न सांगता केवळ 'पुष्कळ' हा अर्थ सुचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांना अनिश्चित संख्यावाचक शब्द म्हणतात. बोली इंग्रजीत यासाठी 'मिलियन', 'बिलियन' यांच्या धर्तीवर 'झिलियन' असा गणितात नसलेला शब्द बनवला गेला. मराठीत मात्र बहुधा खऱ्याच संख्येचा किंवा मापाचा नेमकेपणा सैल केला जातो. हे शब्दांच्या अभावी घडलेले नाही, भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. 1150) या ग्रंथात 'एक'पासून 'परार्ध'पर्यंत 18 दशमान स्थानांची नावे आहेत.

प्रकार

प्रत्यययुक्त शब्द : शेकडो, हजारो, लाखो; तसेच 'अवधी' जोडून झालेले लक्षावधी, कोट्यवधी. देहूहून निघून देहूरोड, निगडीमार्गे आकुर्डीला येणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वर्णनात 'लाखो वारकरी' असे म्हटले जाते. त्यामागे मोजणी अभिप्रेत नसते.

रूढ आकडे : 'सतराशे साठ कामे', 'शंभरदा सांगितले', 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिले'. यांत संख्येबरोबर त्रासिकपणा किंवा तुच्छताही व्यक्त होते.

जुनी मापे : खंडी म्हणजे 20 मण आणि पासरी म्हणजे 5 शेर. भारतात 1956 च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे रूढ झाली, तरी 'खंडीभर' आणि 'पैशाला पासरी' हे प्रयोग टिकून आहेत. 'अठराविश्वे दारिद्र्य' या प्रयोगाचा संबंध 18 विसा, म्हणजे 360 दिवसांशी, अर्थात वर्षभराच्या दारिद्र्याशी जोडला जातो.

ऐतिहासिक उल्लेख

असे शब्द आकडेवारी म्हणून वाचल्यास गैरसमज होतो. 14 जानेवारी 1761 रोजी झालेल्या पानिपतच्या लढाईविषयी 'सव्वा लाख बांगडी फुटली' असे म्हटले जाते. 'सव्वा'मुळे आकडा नेमका भासला, तरी ती विधवा झालेल्या स्त्रियांची शिरगणती नव्हे. तो हानीच्या व्याप्तीचा उद्गार आहे. याच पराभवाची वार्ता देणाऱ्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात दोन मोत्ये व सत्तावीस मोहरा गमावल्याचे मोजून सांगितले आहे. रुपये आणि खुर्दा मात्र गणतीबाहेर ठेवला आहे. मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार आणि रुपये-खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे कोणाची मोजदाद झाली आणि कोण 'असंख्य' या शब्दात सामावले गेले, हेही अशा प्रयोगांतून दिसते.