हॉटेलचा बाक आणि सलूनची खुर्ची

इतिहास म्हटला की आपल्या मराठवाड्यात कंधार, औसा, उदगीर ही नावं पुढं येतात. किल्ला, वेढा, तह, तोफ. पण माणूस काही रोज लढत नाही. रोज तो चहा पितो, आठ-पंधरा दिवसांनी दाढी-कटिंग करतो, सणावाराला डोक्याला तेल लावून घेतो. त्यासाठी तो नांदेडच्या इतवाऱ्यात जातो, देगलूर नाक्यावर थांबतो, लातूरच्या गंजगोलाईला एक फेरी मारतो. या जागांची बखर कुणी लिहिली नाही. माझ्या मते आपल्या दोन शहरांचा खरा सामाजिक इतिहास दोन ठिकाणी घडला, हॉटेलच्या बाकावर आणि सलूनच्या खुर्चीवर.

आधी शब्दांकडे पाहू. कवी माणूस, त्यामुळं शब्दाच्या दारातूनच आत शिरण्याची खोड आहे. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपण त्यातला मुक्काम काढून टाकला आणि चहा-भजी ठेवली. हजामत अरबीतून आली. मूळ ‘हज्जाम’ म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणारा, एका अर्थानं वैद्यच. वस्तरा हा फारसी ‘उस्तुरा’. मालिशही फारसीच. उलट आपली चंपी मात्र साता समुद्रापार गेली. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा ‘चांपना’ म्हणजे दाबणं, चेपणं या क्रियापदाचा नातू आहे.

ही चंपी ज्यानं विलायतेत नावारूपाला आणली, त्या माणसाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पाटण्यात 1759 साली जन्मलेला दीन महंमद कंपनीच्या फौजेत वाढला आणि पुढं आयर्लंडला गेला. 1794 साली त्यानं आपलं प्रवासवर्णन छापलं. इंग्रजीत पुस्तक लिहिणारा तो पहिला हिंदी माणूस मानला जातो. 1810 मध्ये त्यानं लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं आणि हुक्क्याचं दुकान काढलं. दोनच वर्षांत दिवाळं निघालं. मग ब्रायटनला समुद्रकाठी त्यानं वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली, ती इतकी चालली की चौथ्या जॉर्ज राजानं त्याला आपल्या पदरी नेमलं. एकाच माणसानं आधी खाणावळ काढली, नंतर मालिशचं दुकान. पोटाचं सुख आणि अंगाचं सुख हे दोन्ही धंदे शेजारी-शेजारी नांदतात, हे आपल्या कुठल्याही नाक्यावर आजही दिसतं.

आता आपल्याकडं येऊ. विसावं शतक उजाडता उजाडता हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडकडं निघाली आणि नांदेडला स्टेशन झालं. लातूरला 1911 साली बार्शी लाईट रेल्वेची ती चिमुकली, अडीच फुटी रुळांची गाडी पोचली. 1917 मध्ये फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराच्या आराखड्यावर गंजगोलाईची गोल दुमजली इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचं मंदिर, भोवती बाजारपेठ आणि गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला चपला, एकाला मिरची-गूळ. निजामाच्या राज्यात मुसलमान आराखडाकारानं देवीच्या देवळाभोवती बाजार मांडला, ही गोष्ट लातूरकराला सांगावी लागत नाही, तो रोज त्यातून चालतो.

गाडी आली तसा मालाबरोबर परका माणूस आला. अडत्या, हमाल, गाडीवान, कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी. त्याला भूक लागणार, तहान लागणार. चहाच्या व्यापाऱ्यांच्या मंडळानं देशभर स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या लावल्या त्याच या काळात. पण त्याच स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुस्लिम पाणी’ असे वेगळे माठही होते. तहान सगळ्यांना एकसारखी आणि माठ मात्र निरनिराळे.

नांदेडला याला एक जुना अपवाद होता. 1708 साली गुरु गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. तिथला लंगर म्हणजे काही हॉटेल नव्हे, तिथं बिल नसतं. पण पंगतीत शेजारी कोण बसला हे विचारायचं नसतं, हा धडा या गावाला लंगरानं फार आधी दिला. अर्थात धडा शिकवला म्हणून सगळा वर्ग पास होतो असं नाही.

कारण खेड्यातला आणि पुष्कळदा शहरातलाही रिवाज वेगळाच होता. हॉटेलच्या बाहेर खिळ्याला एक कप टांगलेला असे, बहुधा कान तुटलेला. दलित माणसानं तो काढायचा, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून प्यायचा, आपणच विसळून परत टांगायचा. पैसे मात्र तेवढेच, निजामाच्या राज्यातला हाली शिक्का असो की नंतरचा भारताचा. न्हाव्याचंही तसंच. बलुतेदारीत तो गावच्या दाढ्या करी, पण दलित वस्तीचे केस कापत नसे. म्हशीचे केस भादरले जात आणि माणसाचे नाहीत, हे शल्य दलित लेखकांनी आपल्याला वारंवार सांगितलं आहे. शहरातल्या सलूनच्या खुर्चीवर नुसतं बसायला मिळणं हीच कित्येकांच्या आयुष्यातली मोठी चैन होती. आपण ज्याला लाड म्हणतो, तो कुणासाठी तरी हक्क होता.

म्हणूनच आपल्या संविधानात हॉटेल आलं. कलम 15 वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमाच्या मसुद्यावर चर्चा झाली. दुकान कशाला म्हणायचं, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की सेवा मागायला येईल त्या कुणालाही सेवा द्यायला मालक तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, सेवा द्यावी लागेल. या व्याख्येत न्हाव्याची खुर्चीही बसली आणि चहाचा कपही. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही सभेनं मान्य केलं. पुढं 1955 साली अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा कायदा आला आणि खिळ्यावरचा कप कायद्याच्या नजरेत गुन्हा ठरला. खिळा भिंतीतून निघायला मात्र पुष्कळ वर्षं गेली. 1978 च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यानं जे भोगलं, ते पाहता मनातला खिळा तेव्हाही निघाला नव्हता.

ती तारीख मला आणखी एका कारणानं महत्त्वाची वाटते. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. म्हणजे ही चर्चा झाली तेव्हा आपल्याकडं मुक्तीला अडीच महिनेही झाले नव्हते. आधी रझाकारांनी हिंदू गावांवर अत्याचार केले होते. पोलीस कारवाईनंतर सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो थेट 2013 साली. आमच्या घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल फारसं बोलायचं टाळलं, हिंदू घरांनीही टाळलं.

पण दुकानं उघडली. मुसलमान न्हाव्याला आमच्याकडं अदबीनं ‘खलिफा’ म्हणतात. खलिफानं पुन्हा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजला आणि समोर हिंदू गिऱ्हाईक मान वर करून, डोळे मिटून बसलं. कुठं उलटही झालं, वस्तरा हिंदूच्या हातात आणि गळा मुसलमानाचा. शांतता समित्यांची भाषणं बरीच झाली असतील. पण गळ्यावर वस्तरा असताना डोळे मिटता येणं, यापेक्षा मोठा विश्वास मला ठाऊक नाही. ते काम या खुर्च्यांनी न बोलता केलं.

तसं न बोलता म्हणणंही चूकच. सलून आणि हॉटेल म्हणजे गावाचं वाचनालय. एकाच वर्तमानपत्राची चार पानं चौघांच्या हातात. मराठी पेपर आणि उर्दू ‘सियासत’ एकाच बाकावर. 1952 पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की कटिंग थांबायची, उकळी थांबायची नाही. माझी बोली घरात दखनी आणि शाळेत मराठी. पण दोन्ही एका वाक्यात बोलायला शिकवलं ते हॉटेलानं.

आणि चव! नांदेडला सकाळी पिवळीधमक तहारी मिळते. हैदराबादी वळणाची खिचडी, खिमा आणि खट्टा मिळतो. खट्टा म्हणजे चिंचेचं सार. लग्नातला बगारा खाना आणि दालचा हाही चिंचेवाचून अडतो. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाटलं की दालच्याचाच सत्कार झाला. लातूरला निलंगा राईसची गाडी, तुळजापूरच्या वाटेवर उजनीची बासुंदी. ‘लातूर पॅटर्न’साठी आलेल्या पोरांना घरची आठवण विसरायला लावणाऱ्या बायकांच्या मेस आणि खानावळी. यांतल्या एकाचीही जाहिरात टीव्हीवर लागत नाही.

बायका या सगळ्यात फार उशिरा आल्या. हॉटेलात ‘फॅमिली रूम’चा पडदा होता, सलून तर पुरुषांचंच. त्यांच्या वाट्याला मनियार होता. लग्नघरी मुसलमान मनियार यायचा आणि नवरीचा हात हातात घेऊन चुडा भरायचा. तो कोणत्या धर्माचा, हे कुणाच्या मनातही येत नसे. आज गल्लोगल्ली एका खोलीत चालणारी लेडीज पार्लरं आहेत. बाईनं बाईच्या कपाळाला तेल चोळावं, भुवया कोरता कोरता सुखदुःख ऐकावं. त्या खोलीचाही इतिहास कधीतरी एखाद्या लेकीनं लिहावा.

हे धंदे टिकायला अवघड. 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले. शहराला ते हवंच होतं, पण रुंदीकरण कुठलंही असो, आधी टपरी उठते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. चहा आणि दाढी, दोन्हींचा जीव पाण्यात. घागरभर पाणी विकत घेऊन कप विसळणाऱ्याला आणि गिऱ्हाइकाच्या गालावर मोजून थेंब शिंपडणाऱ्याला त्या उन्हाळ्यात नफ्याचं गणित विचारायची सोय नव्हती.

आता काचेची दारं आली, थंडगार हवा आली, एकाच नावाची दुकानं सगळ्या शहरांत आली. माझी त्यांच्याशी भांडणं नाहीत. तिथं कप सगळ्यांना सारखाच मिळतो, हे मी विसरत नाही. मला भीती निराळी वाटते. मोहल्ले वेगळे होत चालले. या वस्तीतला माणूस त्या वस्तीत चहाला जात नाही, मुलाला कटिंगला पाठवत नाही. भिंतीतला खिळा कायद्यानं काढला. रस्त्याच्या मधोमध नवा ठोकला गेला, तर तो काढायला कोणतं कलम आणणार?

म्हणून एवढंच सुचवतो. या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या नाक्यापेक्षा दोन गल्ल्या पुढं जा. ज्या हॉटेलच्या पाटीची लिपी तुम्हाला वाचता येत नाही, तिथं बसा. दोघांत तीन चहा सांगा. तिसरा कप बाकावर शेजारी जो बसला असेल, त्याच्यापुढं सरकवा. नाव नंतर विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)