दिव्यांगांना वारसा जतनाचे काम : कायदा, मजुरीचा हिशेब आणि रामनगरकरांसाठी वाट

रामनगर : दिव्यांग माणसाला कामावर घ्यायचे आणि त्याच्या मजुरीचा काही भार सरकारने उचलायचा, ही पद्धत काही देशांत जुनी आहे. पोलंडमध्ये २५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला ६ टक्के दिव्यांग घ्यावे लागतात. न घेतल्यास त्याने एका निधीत पैसे भरायचे, आणि त्याच निधीतून दिव्यांगांना काम देणाऱ्यांना पगारासाठी मदत मिळते.

आपल्याकडे ‘दिव्यांगांसाठी वारसा जतन रोजगार’ अशा नावाची योजना कुठल्या कार्यालयात विचारलीत तर मिळणार नाही. पण तिचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत. ते जोडून घेतले तर काम मागता येते.

कायदा काय देतो?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. कुष्ठरोगातून बरे झालेलेही त्यात येतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर पुढील गोष्टी लागू होतात :

- सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के राखीव जागा. पुरातत्त्व खाते आणि सरकारी वस्तुसंग्रहालयेही यातून सुटत नाहीत.
- गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव वाटा.
- खासगी मालकांनी ५ टक्के दिव्यांग घ्यावेत म्हणून सरकारने त्यांना सवलती द्यायच्या.

स्मारकाला रॅम्प बांधला म्हणजे झाले, असा एक समज आहे. रॅम्प हा बघायला येणाऱ्यासाठी. स्मारकावर पोट भरण्याचे काम मिळणे ही वेगळी गोष्ट, आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते.

मजुरीचा हिशेब

गावपातळीवर खरा आधार रोजगार हमीचा. कर्नाटकात २०२५-२६ साठी मनरेगाची मजुरी दिवसाला ३७० रुपये ठरली. दिव्यांगांना कामाच्या मापात ५० टक्के सूट आहे. म्हणजे इतरांना ३७० रुपयांसाठी जेवढी माती काढावी लागते, त्याच्या निम्मी काढली तरी दिव्यांगाला पूर्ण ३७० मिळतात. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर दिवसाला १८५ रुपये अनुदानच झाले, फक्त त्याला तसे नाव नाही.

१०० दिवस भरले तर वर्षाला ३७,००० रुपये होतात. पण हे १०० दिवस एका कुटुंबाचे असतात, एका माणसाचे नाही. घरातल्या इतरांनी दिवस वापरले की दिव्यांगाच्या वाट्याला उरतील तेवढेच. हे आधी घरात बसून ठरवलेले बरे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात १२५ दिवस आहेत. त्यामुळे सध्याचा दर आणि सूट अर्ज देतानाच पीडीओंना विचारून घ्या.

यात वारसा कुठे आला?

कर्नाटकात रोजगार हमीतून जुन्या कल्याणी, म्हणजे पायऱ्यांच्या पुष्करिणी, आणि तळ्यांचा गाळ काढून दुरुस्ती झाली आहे. गाळ काढणे जमत नसेल तर पाणी देणे, रोपे लावणे, मुले सांभाळणे अशी कामे दिव्यांगांना देता येतात.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वास्तू संरक्षित स्मारक असेल तर पंचायतीला परस्पर हात लावता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे क्षेत्र. शेजारच्या खानापूर तालुक्यात हलशी आणि देगावला कदंबांच्या काळातली मंदिरे आहेत. अशा ठिकाणी काम काढायचे तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारावे लागते.

रामनगरची गोष्ट आणखी वेगळी. हे गाव काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या विस्थापितांचे. जुने सुपा पाण्याखाली गेले. त्यामुळे इथला वारसा दगडात कमी आणि घराघरातल्या फोटोंत, जमिनीच्या कागदांत, म्हाताऱ्यांच्या आठवणीत जास्त आहे. ते गोळा करणे, स्कॅन करणे, नावे-तारखा लावणे हे बसून करायचे काम. पायाने अधू माणूस ते इतरांइतकेच करील.

या कामाला रोजगार हमीचा पैसा लागत नाही, कारण ते मजुरीचे काम नव्हे. पण पंचायतीने आपल्या निधीतला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी राखायचा असतो. पंचायतीच्या वाचनालयात (अरिवु केंद्र) बसून हे काम व्हावे आणि मानधन त्या ५ टक्क्यांतून मिळावे, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. वस्तू एकदाच वाटून होते, काम महिन्याला पैसे देते.

कारागिरांसाठी

२०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, गवंडी, कुंभार, मूर्तिकार, बुरूड त्यात येतात. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज मिळते. एका कुटुंबातून एकालाच लाभ.

अर्ज कसा करायचा?

१. आधी यूडीआयडी कार्ड काढा. ते नसेल तर पुढे काहीच हलत नाही.
२. पंचायतीत जॉब कार्ड मागा, अपंगत्वाची नोंद झाली का बघा.
३. काम हवे तर ‘नमुना ६’ भरा आणि तारीख टाकलेली पोच घ्या. मनरेगाच्या नियमाने १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता लागू होतो : पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिस्सा, नंतर निम्मा. पोच नसेल तर भत्त्याचा दावा टिकत नाही.
४. फॉर्म कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर पंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूंना, म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्यांना, गाठा. ते स्वतः दिव्यांग असतात आणि हेच त्यांचे काम.

कारवारच्या जिल्हा कार्यालयात जायला रामनगरहून आख्खा दिवस मोडतो. म्हणून पंचायतीतच काम तडीस न्यावे आणि मागणी तोंडी न ठेवता कागदावर द्यावी.