कुठे कुठे भरलंस?

पाय जपून खाली टाका, कॉटखाली पत्र्याची ट्रंक आहे. लागली ना? सगळ्यांना लागते. एप्रिल १९८३. पुणे, फर्ग्युसन रस्त्याजवळचं मुलांचं हॉस्टेल, सकाळचे सात. तुम्ही टी.वाय. बी.एस्सी.ला आहात, केमिस्ट्रीला, आणि शेवटचा पेपर परवाच झाला. वाचक बाई असल्या तरी आजच्यापुरतं मुलगा व्हावं लागेल. लेडीज हॉस्टेलचा वॉचमन मलाच फाटकाच्या आत सोडत नाही, तुम्हाला कुठून नेऊ?

गादीतला कापूस सगळा एका कुशीला गोळा झालाय. खोलीत ओल्या टॉवेलचा, ओडोमॉसचा आणि उतू जाऊन करपलेल्या दुधाचा वास. दुधाचा उद्योग तुमच्या बार्शीच्या रूममेटचा. टेबलाखाली त्याने कॉइलची शेगडी लपवलीय. रेक्टर आले की तिच्यावर बादली पालथी पडते. तेवढ्यात फट्ट! पंखा मंदावतो, थांबतो, आणि सगळ्या विंगमधून आरोळी उठते, "कोणाचा चहा रे?" फ्यूज गेला. बाकीचा मजला चपला फटफटवत खाली धावतो, रूममेट मात्र शांतपणे चहा गाळत बसतो. घ्या अर्धा कप. मग गादी उचला आणि खाली घडी घालून ठेवलेली पँट काढा. रात्रभरात इस्त्री झालीय.

जिन्यात जो भेटेल तो आज एकच विचारणार, "कुठे कुठे भरलंस?" पुढे काय करायचं ठरवलंस, असं कोणी विचारत नाही. ठरवणारे आपण कोण! आपण फॉर्म भरायचे. बँकेचा, एल.आय.सी.चा, रेल्वेचा, एम.पी.एस.सी.चा. टेल्कोत कोणाच्या काकांची ओळख असली तर तिथे. केमिस्ट्रीवाल्यांनी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे पेनिसिलीनच्या कारखान्यात, एक अर्ज टाकायचाच. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड तर सगळ्यांच्याच खिशात असतं. आणि फॉर्म भरायचा म्हणजे पेन उघडून लिहायचं असं वाटत असेल तर सायकल काढा, दाखवतो.

लकडी पूल ओलांडेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असेल. पेठेत पहिल्या मजल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. खालूनच आवाज येतो. वीसेक मशिनं एकदम खडखडताहेत आणि मधूनमधून ओळ संपल्याची घंटी. वर जा. पंखा एकच, तोही मालकांच्या डोक्यावर. मशिनच्या तेलाचा आणि शाईच्या फितीचा वास नाकात बसतो. भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलं-मुली इंग्रजी चाळीस, मराठी तीस शब्द मिनिटाला जमवायच्या मागे आहेत. तुमचं काम दुसरं. मार्कलिस्टच्या ट्रू कॉपीज हव्यात. झेरॉक्सची दुकानं आहेत, पण पाच कंपन्यांसाठी पाच-पाच कागद काढले तर मेसचं बिल राहील. त्यामुळे कार्बन. मालक चार कागदांत तीन कार्बन सारखे करतात, कडा टेबलावर ठोकतात आणि रोलरमध्ये सरकवतात. पहिली प्रत ठसठशीत, चौथी निळसर धुक्यातली. तिच्यात इनऑर्गॅनिकचे ६३ आहेत की ८३ ते सांगता येत नाही. चौथी प्रत बँकेला पाठवा, असं रूममेटचं मत आहे.

एवढ्यावर झालं नाही. आता या प्रती अटेस्ट करायला गॅझेटेड ऑफिसर शोधा. खासगी कॉलेजातले प्राध्यापक चालत नाहीत, सरकारी लागतो. बी.जे. मेडिकलचे किंवा इंजिनिअरिंग कॉलेजचे सर चालतात. पण परीक्षेच्या दिवसांत ते तोंड लपवून फिरतात. तुम्ही एका अधिकाऱ्याच्या बंगलीबाहेर रांगेत आहात. पुढे सात जण, हातात पिवळ्या फायली, डोक्यावर ऊन. व्हरांड्यात साहेब बनियनवर बसलेत, शेजारी ताटलीत कापलेला आंबा. ते मूळ मार्कलिस्ट मागतात, चष्मा कपाळावर सरकवून दोन आकडे ताडून बघतात, मग हिरव्या शाईचं पेन उघडतात. सही. शिक्क्याचं पॅड वाळलंय, म्हणून ते रबरी शिक्का तोंडाजवळ नेऊन त्यावर हाऽऽ करून ऊब देतात आणि दाण्‌कन हाणतात. असं चौदा वेळा. अर्ध्या शिक्क्यांवर आंब्याचा पिवळा अंगठा आहे. काही बोलू नका, फक्त "थँक्यू सर" म्हणा. एम.पी.एस.सी.च्या वेळी परत यायचंय.

मग पोस्ट. इथे घाम, खळ आणि लाखेचा वास एकत्र आहे. पोस्टल ऑर्डर घ्या, तिच्यावर आडव्या दोन रेघा मारा, नंबर फॉर्मवर लिहा आणि काउंटरफॉइल जपून ठेवा. रजिस्टर परवडत नसेल तर यू.पी.सी. करा: पत्त्यांची यादी कागदावर लिहायची, तिकीट चिकटवायचं, वर पोस्टाचा गोल शिक्का. पत्र पोचेलच याची हमी नाही, पण टाकलं होतं याचा पुरावा आहे. या काळात भविष्याविषयी एवढाच लेखी कागद हातात मिळतो, आणि लोक तो वर्षानुवर्षं सांभाळतात.

दुपार झोपण्यात गेली असं समजा. संध्याकाळी अमृततुल्यावर या. पितळी पातेल्यात चहा उकळतोय, खलबत्त्यात वेलदोडे कुटल्याचा ठणठणाट चाललाय, बाकावर तिघांच्या जागेत पाच जण. रूममेट आज पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलतोय. पुरुषोत्तम करंडकात त्याने गेली दोन वर्षं एकांकिका केल्या, भरत नाट्यमधल्या त्या टाळ्या अजून त्याच्या कानात आहेत. तरी त्याने पाचही फॉर्म बँकांचेच भरलेत. तुम्ही तोंड उघडायच्या आत तो सुनावतो, "आगाशे डॉक्टर आहेत. जब्बार पटेल डॉक्टर आहेत. आळेकर बी.जे.त बायोकेमिस्ट्रीत आहेत. नाटक संध्याकाळी करतात ना? मग मीपण साडेपाचला कॅश मिटवून तालमीला जाणार."

त्या पिढीला स्वप्नं नव्हती, सुरक्षित नोकरीच्या पलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं, असं हल्ली ऐकू येतं. मला ते पटत नाही. या बाकावर बसून बघा. इथे बँक हे कोणाचंही ध्येय नाही. बँक म्हणजे संध्याकाळ मोकळी.

सगळ्यांचं तसं नाही, हेही खरं. समोर बसलेला तो परळचा. वडील गिरणीत, आणि संप सुरू होऊन वर्ष उलटलंय. तो एम.एस्सी.चं नाव काढत नाही. औषधं विकायची, बॅग घेऊन गावोगाव फिरायचं, पहिल्या महिन्यापासून पगार, एवढंच त्याला हवंय. वर्गात पहिली येणारी मुलगी नेटाने टोफेलची तयारी करत होती. मागच्या रविवारी तिच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर ती लायब्ररीत आलेली नाही. तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. चहावाला ग्लास उचलतो.

रात्री गच्चीवर चला. दिवसभर तापलेली फरशी अजून पायाला चटके देते, वारा टेकडीवरून येतो. एफ.वाय.ची पोरं सतरंजी टाकून बसलीत, त्यांना सल्ला हवाय. सिनिअर लोकांना आज तेवढंच काम आहे.

"लॅबमधल्या शिपायाला पहिल्या दिवसापासून मामा म्हण. परीक्षेत गळकी ब्यूरेट वाट्याला येत नाही."

"जर्नलवर सही त्याच आठवड्यात घे. सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलला उभंसुद्धा करत नाहीत, माझे हाल विचार."

"रविवारी फीस्टला श्रीखंड दाबून खा, रात्री मेस बंद असते."

"सायकलला दिवा लाव. डेक्कनला हवालदार चाकातली हवा सोडतो."

"टायपिंग आत्ताच लाव, टी.वाय.ला बोटं वळत नाहीत."

एक चष्मेवाला पोरगा भीत भीत विचारतो, "पण बी.एस्सी.नंतर नेमकं काय करावं?" क्षणभर सगळे गप्प. मग एक जण हायर सेकंड आणायला सांगतो, दुसरा कॉम्प्युटर शिक म्हणतो, त्याला तिसरा हसतो. परळवाला मात्र ट्रंकेतून पुस्तकांचा गठ्ठाच घेऊन येतो. "ते मला माहीत नाही. ही तिन्ही वर्षांची पुस्तकं. अप्पा बळवंत चौकात निम्मे मिळतील, तू त्याहून कमी दे. महत्त्वाच्या प्रश्नांखाली मी रेघा मारल्यात." पोरगा खिसा चाचपतो. घासाघीस चांगली अर्धा तास चालते, आणि त्या रात्रीचा सगळ्यात कामाचा सल्ला तोच ठरतो.

तुम्हाला पुढचं जाणून घ्यायची घाई असेल, पण इथे घाईला किंमत नाही. निकाल जूनमध्ये, लेखी परीक्षेचं पत्र त्यानंतर कधीतरी, मुलाखत त्याच्याही नंतर, आणि तोवर पोस्टमनची वाट. त्यापेक्षा परत आल्यावर एक करा. घरात त्या वर्षांतला कोणी पदवीधर असेल, वडील, मावशी, शेजारचे काका, तर त्यांची जुनी फाइल बघायला मागा. हिरवी सही असलेली एखादी ट्रू कॉपी तिच्यात नक्की सापडेल. तुम्हाला काय व्हायचं होतं, असं त्यांना विचारू नका. "काही नाही रे" म्हणून विषय बदलतील. कुठे कुठे भरलं होतं ते विचारा, आणि तासभर मोकळा ठेवा.